जानेवारीत केदारकंठा: ‘तिथे हिमस्खलन होतच नाही’ हे खरं का?

अंबाजोगाईची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलची पोरं मिळून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडात केदारकंठ्याला चालली आहेत. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावातून चढायचं, शिखर साडेबारा हजार फुटांवर. पैसे भरून झालेत, सचखंड एक्सप्रेसची जायची-यायची तिकिटंही काढलीत.

घरात मात्र रोज वाद चाललाय. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथं रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या छावणीवर बर्फ कोसळला, ५४ कामगार सापडले, त्यातले आठ गेले. आबांनी ती बातमी दिवसभर टीव्हीसमोर बसून पाहिली होती. ते म्हणतात, जानेवारीत बर्फात जायचं काय कारण? भाऊ म्हणतो, माणा वेगळं, केदारकंठा वेगळा. ट्रेक नेणाऱ्यानं त्याला फोनवर सांगितलंय की तिथं हिमस्खलन होतच नाही.

आमच्यापैकी कुणीच बर्फ पाहिलेला नाही. २०१४ च्या मार्चमध्ये गारपिटीनं रान पांढरं झालं होतं, तेवढंच. भावाला अडवायचं नाहीये मला. पण ‘होतच नाही’ यावर विश्वास ठेवावा का, आणि नेणाऱ्याला नेमकं काय विचारावं, हे जाणत्यांनी सांगावं.

गौताळा_भटक्या

ताई, मी डिसेंबरअखेर केदारकंठा करून आलोय. नवख्यांसाठी हिवाळ्यातला हा बराच सोपा ट्रेक आहे. वाट बहुतेक देवदार-पाईनच्या जंगलातून जाते, गर्दी भरपूर असते, वाट मळलेली असते. मला तरी कुठं बर्फ कोसळताना दिसला नाही.

खरी परीक्षा शिखराच्या दिवशी. रात्री अडीच-तीनला उठून निघावं लागतं. शेवटचा चढ अंगावर येणारा आहे, आणि पहाटे बर्फ गोठून दगडासारखा झालेला असतो. बुटाला लावायचे स्पाइक नसतील तर तिथं पाय टिकत नाही. उतरताना पोरं बसून घसरत येतात, ते करू देऊ नका, खाली कुठं थांबाल याचा काही नेम नसतो.

परभणीची थंडी सोसलेल्याला वाटतं आपल्याला काय होतंय, पण तिथं रात्री शून्याखाली दहाही होतं. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. घामानं एकदा ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आणि एक हात जोडून सांगतो: तंबूत शेगडी किंवा निखारे कुणी पेटवायचे नाहीत. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

माजी_हवालदार_औसा

ताई, राम राम. मी औसा तालुक्यातला, फौजेतून निवृत्त. नोकरीतले बरेच हिवाळे उत्तर काश्मीरमध्ये ताबारेषेवर काढले. आता गावात तूर-सोयाबीन बघतो. तुमच्या भावाला भ्या दाखवायला लिहू लालो नाही. त्यानं जावं, पण जाणून जावं.

भटक्यानं लिहिलंय ते बरोबर आहे. केदारकंठ्याची नेहमीची वाट जंगलातून आणि सोंडेवरून जाते, त्यामुळं हिवाळ्यात ती त्यातल्या त्यात बरी. पण ‘होतच नाही’ म्हणणाऱ्याच्या मागं मी माझा पोरगा पाठवणार नाही. पुरेसा बर्फ आणि तीस अंशांच्या पुढचा उतार जिथं एकत्र आले, तिथं एव्हलांच, म्हणजे हिमस्खलन, होऊ शकते. बहुतेक एव्हलांच तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, आपला आपण झडत राहतो. पंचविसाच्या आतल्या उतारावर सहसा सुटत नाही. घात होतो मधल्या उतारावर, आणि नवख्याला त्याची भीतीच वाटत नाही. फोटो काढायला, लोळायला पोरं त्याच्याकडंच धावतात.

आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं ते मान वर करायला. तुम्ही सपाट वाटेवर उभे आहात, पायाखाली धोका नाही, पण डोक्यावर हजार फुटांचा मोकळा उतार भरून बसलाय, तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. माणाचे कामगार काही शिखर चढत नव्हते, छावणीत होते. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक गेले, तेही गाडीरस्त्यालगत. म्हणून नेणाऱ्याला ‘एव्हलांच होते का’ असं विचारूच नका, तो नाहीच म्हणणार. विचारा की मुक्कामाच्या प्रत्येक जागेच्या वर काय आहे? जेवायला कुठं थांबता, त्याच्या वर काय आहे? वाटेत किती घळी आडव्या ओलांडता? ज्याला रान माहीत आहे तो या प्रश्नांची उत्तरं झोपेतून उठवलं तरी देतो.

घळ म्हणजे आपल्या सह्याद्रीत नाळ म्हणतात तसला ओढ्याचा खोलगट चर. वरून लहानसा बर्फ सुटला तरी तो घळीत गोळा होतो आणि माणूस पुरुषभर खाली जातो. तिथं पाण्याच्या बाटल्या भरत बसायचं नाही. दाट जंगलात मधेच वरून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा लागला, कडेच्या झाडांच्या डोंगराकडच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर ती एव्हलांचची नेहमीची वाट आहे असं समजा. असा पट्टा एकेकट्यानं ओलांडायचा, बाकीच्यांनी अलीकडं आडोशाला थांबून जाणाऱ्यावर नजर ठेवायची. काठीची दोरी मनगटातून काढायची. गप्पा नाहीत, सेल्फी नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताई, मला तुमच्या भावाच्या बुटांपेक्षा त्या सचखंडच्या परतीच्या तिकिटाची काळजी वाटू लाली.

बर्फ पडत असतो तेव्हा सगळेच तंबूत बसतात. तो थांबतो, दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार होतं, ऊन पडतं, आणि सगळ्यांना वाटतं संकट टळलं. बाहेर पडायला तोच दिवस वाईट. एका दिवसात फूटभर नवा बर्फ पडला असेल तर खालच्या जुन्या थरावर त्याचं ओझं नुकतंच आलेलं असतं, ते अजून बसलेलं नसतं. त्यात वारा असेल तर धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो. आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं वाऱ्याआडचा उतार भरतो. धारेच्या टोकाला बर्फाची छज्जासारखी कड बाहेर येते, वरून चालणाऱ्याला वाटतं जमीनच आहे. आमची गस्त अशा वेळी दिवस-दोन दिवस थांबायची. निघणं टळतच नसेल तर रात्रीच्या गोठणीत निघायची, ऊन उताराला लागायच्या आत पोचायची.

फौजेला थांबता येतं. तुमच्या पोरांना कसं थांबता येणार? दिल्लीची गाडी ठरलेली, कॉलेज सुरू होणार, पैसे भरलेले. मग गाइडही म्हणतो, चला, जाऊन येऊ. सहसा माणसं अशीच सापडतात. हौसेनं बर्फात गेलेली माणसं एव्हलांचमध्ये सापडतात, तिथं दहातल्या नऊ ठिकाणी ती सोडणारा सापडलेला स्वतः किंवा त्याचाच जोडीदार असतो, त्याच्याच वजनानं थर तुटतो. म्हणून परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा. तिकीट बदलायला जे पैसे जातील ते जाऊ द्या.

एक आपल्या गावात बसून कळणारी गोष्ट सांगतो. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढं सरकला की मागून उत्तरेचं गार वारं सुटतं आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत परभणीचा पारा उतरतो. निघायच्या आठवड्यात पेपरात परभणीच्या कडाक्याची बातमी आली, तर वर बर्फ पडला का याची चौकशी आधी करा, बॅग मागून भरा.

२०१७ च्या जानेवारीत गुरेझमध्ये बर्फाखाली जवान गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातली पोरं होती. शिकलेली, सरावलेली माणसं होती ती. त्यांची आठवण आली की ‘होतच नाही’ असलं बोलणं मला सहन होत नाही.

नांदेडचे_सर

हवालदारसाहेब, फार चांगलं लिहिलंत. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला आहे. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर याच संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालं, २९ जण गेले. त्या दिवसापासून हा विषय वर्गातही शिकवतो. थर का तुटतो तेवढंच सांगतो, कारण ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी’ असं भावाला कुणीतरी नक्की सांगणार.

उतारावर ज्वारीचे दाणे पसरा आणि त्यावर शहाबादी फरशी ठेवा. फरशी काही वेळ राहील. कुणी पाय ठेवला की अख्खी फरशी एकदम निघेल, पाय ठेवला तेवढाच तुकडा नाही. बर्फात ही फरशी म्हणजे वाऱ्यानं दाबलेला घट्ट थर आणि दाणे म्हणजे खालचा कच्चा थर.

कच्चा थर तयार होतो तो थंडीनं. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा रात्री उणे पंधरा. बर्फ जाड असेल तर हा फरक बऱ्याच उंचीत वाटला जातो. बर्फ पातळ असेल तर थोड्याशा जाडीत तापमान झपकन बदलतं. दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडायला लागला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण नव्यानं वाढतात: टोकदार, सुटे, एकमेकांना न धरणारे. सुरुवातीला कमी बर्फ, मग आठवडे-दोन आठवडे कोरडी निरभ्र थंडी, आणि त्यावर मोठा हिमपात, ही सगळ्यात वाईट जुळणी. वरून पाहून यातलं काहीच कळत नाही.

ऐकू मात्र येतं. सपाट भागात चालताना पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज झाला, किंवा पायापासून बर्फात लांब चीर धावत गेली, तर खालचा कच्चा थर खचला असं समजा. आसपासच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर आणखी पुरावा नको. ही तिन्ही चिन्हं माघारी फिरा असं सांगतात, गाइड काहीही म्हणो.

चंदीगडची डीजीआरई, म्हणजे डीआरडीओची प्रयोगशाळा, हिवाळ्यात जिल्हावार आणि उंचीनुसार हिमस्खलनाचा इशारा काढते. पूर्वी हे काम ‘सासे’ नावाची संस्था करायची. धोका एक ते पाच अशा पातळ्यांत देतात. उत्तरकाशी जिल्ह्याची पातळी रोज बघा. तीन हा आकडा मधला आहे म्हणून हायसं वाटून घेऊ नका. तीनला माणसाच्या वजनानंही थर तुटू शकतो, आणि चार-पाचला घरी बसणारी माणसं तीनला बाहेर पडतात.

अंबाजोगाईची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच नेणाऱ्याला फोन लावला आणि हवालदारकाकांनी सांगितलेले प्रश्न विचारले. तो माणूस वाईट नाही, नीट बोलला. मोकळा दिवस एकही नाही. वीस जणांमागे दोन गाइड. प्रथमोपचाराची पेटी आणि एक दोर आहे. बर्फात गाडलेल्याला शोधायचं काही साधन आहे का विचारलं तर म्हणाला, या ट्रेकला कुणीच नेत नाही. डीजीआरईचा इशारा तो बघत नाही, गावातल्या लोकांना विचारतो. आणि शिखर बर्फानं बंद असेल तर पोरांचा हिरमोड होऊ नये म्हणून दरीतल्या वाटेनं आतल्या गावांकडे नेतो म्हणाला.

दरीतून म्हणजे खालून, म्हणजे जास्त सुरक्षित ना? आणि आबा म्हणतात, सियाचिनचा तो जवान सहा दिवस बर्फाखाली जिवंत होता, मग माणसं वाचू शकतात का?

माजी_हवालदार_औसा

नाही ताई, इथंच चूक होते. सोंडेवरून चालता तेव्हा डोक्यावर फारसं काही नसतं. दरीतून चालता तेव्हा दोन्ही अंगांच्या डोंगरांवर जे साठलंय ते सगळं तुमच्या डोक्यावर. आणि तो दरीत नेणार कधी, तर वर खूप बर्फ पडलाय म्हणून शिखर बंद आहे तेव्हा. नेमक्या त्याच दिवशी दरी टाळायची असते. भावाला आधीच लेखी कळवायला सांगा की शिखर झालं नाही तर आम्ही सांकरीलाच थांबू, दुसरीकडं जाणार नाही. गावात दोन दिवस बसले तरी पोरांना खूप बघायला मिळेल. लाकडी घरं, बर्फातली जनावरं, माणसं कशी राहतात ते. गावातल्यांना विचारतो हे मात्र त्यानं चांगलं सांगितलं. कुठल्या घळीतून बर्फ कधी खाली येतो हे तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. त्याच्या जोडीला इशाराही बघायला हवा, एवढंच.

आबांना माझा नमस्कार सांगा. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड फेब्रुवारी २०१६ मध्ये सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेले. त्यांच्यासोबतचे नऊजण आधीच गेले होते. बर्फाखाली श्वासापुरती हवेची पोकळी मिळणं, हे लाखात एखाद्याला. माणाला ४६ जण वाचले, कारण पुष्कळजण लोखंडी कंटेनरमध्ये होते, आत हवा होती. उघड्यावर गाडलेल्याला दहा-पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास झाला की तिघं. आणि सुटलेला बर्फ थांबला की असा आवळतो की बोट हलत नाही. तेवढ्या वेळात खालून कुणी पोचत नाही. वाचवणार ते सोबतचेच.

शोधायचं साधन म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेला कुठं आहे त्याचा संकेत देणारं यंत्र), सोबत प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब सळई) आणि फावडं. तिन्ही हवीत आणि हात बसलेला हवा. पोरांकडं ते नाही, आता दोन आठवड्यांत येणारही नाही. म्हणून त्यांच्यासाठी एकच रस्ता उरतो: तीस अंशांच्या किंवा त्यापुढच्या उतारावर जायचं नाही आणि त्याच्याखाली थांबायचं नाही. नेहमीच्या वाटेनं, चांगल्या दिवशी, हे बहुतांशी पाळता येतं.

आणि ताई, खरं सांगायचं तर त्या वाटेवर एव्हलांचपेक्षा गारठा आणि घसरणं जास्त जवळचं आहे. २०२४ च्या जूनमध्ये सहस्रतालच्या वाटेवर हवामान बिघडलं आणि नऊ ट्रेकर गेले, तेही उन्हाळ्यात. भटक्यानं कपड्यांचं आणि शेगडीचं सांगितलंय ते पोरांकडून पाठ करून घ्या.

होस्टेलचा_धाकटा

नमस्कार, मी तो भाऊ. ताईनं लिंक पाठवली, रात्री रूमवर सगळ्यांनी मोठ्यानं वाचली. आधी थोडा राग आला होता. आता परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढलंय, वेटिंग आहे पण होईल. दोघांनी ‘वेळ नाही’ म्हणून नाव काढून घेतलं.

रविवारी गौताळ्याला जाऊन मोबाईलच्या अ‍ॅपनं उतार मोजले. नुसत्या डोळ्यांनी आम्ही जवळजवळ सगळे उतार चुकीचे सांगितले. ज्याला पन्नास म्हणत होतो तो चौतीस निघाला. काका, दोन प्रश्न आहेत. मोबाईल थंडीत बंद पडला तर कोन कसा मोजायचा? आणि समजा सुटलाच बर्फ, तर काय करायचं?

माजी_हवालदार_औसा

शाब्बास रे. गौताळ्याला गेलात हे ऐकून फार बरं वाटलं.

सारख्या लांबीच्या दोन काठ्या घे. एक उतारावर सरळ उभी रोव. दुसरी तिच्या वरच्या टोकापासून डोंगराकडं आडवी धर. टोक बरोबर उताराला टेकलं तर पंचेचाळीस अंश. नाही टेकलं तर आडवी काठी उभीवरून खाली सरकव. निम्म्यावर आल्यावर टेकली तर सत्तावीसच्या जवळपास. निम्म्याच्या वरच टेकली की तो उतार सोडून द्यायचा. मोबाईल रात्री आतल्या खिशात, अंगाला लावून ठेव, म्हणजे बॅटरी टिकेल.

सुटला तर आधी मोठ्यानं ओरड, म्हणजे बाकीच्यांची नजर तुझ्यावर येईल. काठ्या सोड, बाजूला निसटता येतंय का बघ, झाड हाताशी असेल तर धर. ओढला गेलास तर वर राहायला हातपाय मार, आणि वेग कमी होतोय असं वाटताच दोन्ही हात तोंडासमोर आण, नाकापुढं जागा कर. ती जागा बर्फ थांबायच्या आत करावी लागते.

जे बाहेर आहेत त्यांनी शेवटचा कुठं दिसला ती जागा नजरेत पक्की धरायची आणि तिथून खाली शोधायचं. टोपी, हातमोजा, बॅग दिसली की तिथं काठ्या खुपसून बघायचं, ताटानं, हातानं, मिळेल त्यानं उकरायचं. एकानं वर बघत राहायचं, दुसरा बर्फ येतोय का म्हणून. मदत आणायला सगळ्यांनी खाली पळायचं नाही. एकाला ११२ लावायला सांगा, बाकीचे तिथंच.

स्पाइक सांकरीला भाड्यानं मिळतात, पण पट्टे घालून, दहा पावलं चालून बघूनच घे. आणि सांकरीहून निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईला फोन कर. कुठला मुक्काम कोणत्या तारखेला आणि परत सांकरीत कधी, हे तिला लिहून दे. वर नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळं कधीपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची तेही तूच ठरवून सांग.